लिनक्स आवृत्तीबदलानंतर प्रशासकीय अधिकार गमावणे

लिनक्स संचालन प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यानंतर, म्हणजेच अपग्रेडनंतर, संगणकाच्या प्रशासकाला सॉफ्टवेअर बसवणे, सेटिंग बदलणे, नवे खाते उघडणे यांसारखी प्रशासकीय कामे करता न येणे, या अवस्थेला प्रशासकीय अधिकार गमावणे असे म्हणतात. अशा वेळी वापरकर्ता बहुधा आपल्या नेहमीच्या खात्यात प्रवेश करू शकतो आणि त्याच्या फाइलीही जागच्या जागी असतात. मात्र प्रणाली त्याला प्रशासक म्हणून ओळखत नाही. प्रशासकांची यादी आणि त्या यादीला अधिकार देणारा नियम यांच्यातील मेळ आवृत्तीबदलात तुटणे, हे याचे एक प्रमुख कारण होय. या बिघाडात वापरकर्त्याची माहिती नष्ट होत नाही आणि संगणक प्रत्यक्ष हाताशी असल्यास तो बहुतेक वेळा एक-दोन आज्ञांनी दुरुस्त होतो. दुरुस्तीचा मार्ग ठाऊक नसल्याने घाईघाईने डिस्क पुसून संपूर्ण प्रणाली नव्याने बसवली गेली, तर मात्र माहिती कायमची गमावली जाण्याचा धोका असतो.

अधिकारांची रचना

युनिक्स परंपरेतील प्रणालींमध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक दिलेला असतो. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला 'रूट' असे नाव असून त्याला प्रणालीतील जवळजवळ सर्व कामांची मुभा असते. सामान्य वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या फाइलींवर अधिकार असतो. उबंटू आणि डेबियन या वितरणांत स्थापनेच्या वेळी निर्माण होणाऱ्या पहिल्या सामान्य वापरकर्त्याला साधारणतः १००० हा क्रमांक मिळतो.

सामान्य वापरकर्त्याला तात्पुरते रूटचे अधिकार मिळवून देणारी तीन प्रमुख साधने आहेत.

'सु' ही त्यांपैकी सर्वांत जुनी आज्ञा. ती रूट खात्याचा पासवर्ड विचारते आणि तो बरोबर असल्यास वापरकर्त्याला रूट बनवते.

'सुडो' ही आज्ञा वापरकर्त्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते. त्यानंतर 'ईटीसी' फोल्डरातील 'सुडोअर्स' ही फाइल तपासून त्याला अधिकार आहे की नाही हे ठरवते.

'पोलकिट' ही व्यवस्था पडद्यावरील खिडक्यांमधून केल्या जाणाऱ्या कामांसाठी वापरली जाते. सॉफ्टवेअर बसवताना किंवा घड्याळाची वेळ बदलताना पासवर्ड विचारणारी चौकट तिच्यामुळे दिसते. पोलकिटचे नियम सुडोच्या नियमांपासून स्वतंत्र असतात; त्यामुळे एक साधन बंद पडले तरी दुसरे चालू राहू शकते.

सुडोअर्स फाइलमध्ये सामान्यतः व्यक्तींची नावे लिहिलेली नसतात, तर गटाचे नाव लिहिलेले असते. नावाआधी टक्केचिन्ह असल्यास ते गटाचे नाव समजले जाते. त्या गटात कोण आहे याची नोंद 'ग्रुप' नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये असते. म्हणजेच प्रशासकाचा अधिकार दोन ठिकाणच्या नोंदींवर अवलंबून असतो. ग्रंथालयाच्या नियमात 'वर्गप्रमुखांना कपाट उघडता येईल' असे लिहिले असेल आणि विद्यार्थ्याचे नाव मात्र 'विद्यार्थी प्रतिनिधी' या यादीत असेल, तर त्याला कपाट उघडता येणार नाही. तसाच हा प्रकार होय. पासवर्ड अचूक असूनही अधिकार नाकारला जातो, याचा उलगडा या रचनेत आहे.

इतिहास

'सु' ही आज्ञा १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. तिच्यासाठी रूटचा पासवर्ड सर्व प्रशासकांना सांगावा लागत असे आणि कोणी काय केले हे शोधणे कठीण जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात 'सुडो' तयार केली. पुढे टॉड मिलर यांनी अनेक वर्षे तिची देखभाल केली.

उबंटूची पहिली आवृत्ती ४.१० ही ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रूट खात्याला वापरता येईल असा पासवर्डच न ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. स्थापना करणारा पहिला वापरकर्ता सुडोच्या साहाय्याने प्रशासन करील, अशी योजना होती. त्यामुळे नवशिक्यांना दोन पासवर्ड लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही. परंतु सुडोचा अधिकार गेल्यास रूटच्या पासवर्डाने आत शिरण्याचा पर्यायही उरला नाही.

उबंटू ११.१० पर्यंत प्रशासकांच्या गटाचे नाव 'अ‍ॅडमिन' असे होते. २६ एप्रिल २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या १२.०४ या आवृत्तीपासून हा अधिकार 'सुडो' नावाच्या गटाला देण्यात आला. मूळ सुडो प्रकल्प आणि डेबियन यांच्याशी सुसंगती राखणे हा त्यामागील हेतू होता. जुन्या संगणकांवरील प्रशासक अडचणीत येऊ नयेत म्हणून 'अ‍ॅडमिन' गटाचा अधिकारही चालू ठेवण्यात आला. तथापि ज्यांनी सुडोअर्स फाइलमध्ये स्वतः बदल केले होते, त्यांच्या बाबतीत जुनी फाइल, नवी फाइल आणि गटांची नोंद यांचा मेळ जमेलच याची शाश्वती नव्हती. रेड हॅट, फेडोरा आणि त्यांच्याशी संबंधित वितरणांत याच कामासाठी 'व्हील' हा गट वापरला जातो. त्यामुळे एका वितरणासाठी लिहिलेला उपाय दुसऱ्यावर जसाच्या तसा लागू पडत नाही.

कारणे

फाइलविषयीच्या प्रश्नाचे उत्तर: डेबियन कुळातील वितरणांत वापरकर्त्याने बदललेली एखादी सेटिंग-फाइल आवृत्तीबदलात नव्याने आली, तर 'जुनी ठेवावी की नवी घ्यावी' असा प्रश्न पडद्यावर येतो. नवी घेतल्यास वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी प्रभावहीन होतात. जुनी ठेवल्यास नव्या गटाला अधिकार देणारी ओळ येत नाही. सुडोअर्स फाइलच्या बाबतीत दोन्हींपैकी कोणत्याही उत्तराने अधिकार जाऊ शकतो. त्याच प्रश्नासोबत दोन्ही फाइलींमधील फरक पाहण्याचा पर्याय दिलेला असतो, तो वापरणे सर्वांत सुरक्षित मानले जाते.

गटातून नाव वगळले जाणे: आवृत्तीबदलानंतर एखादे उपकरण वा सॉफ्टवेअर सुरू करण्यासाठी वापरकर्त्याला नव्या गटात घालावे लागते. त्यासाठीच्या 'युजरमॉड' या आज्ञेत 'जी' हा मोठ्या लिपीतील पर्याय 'ए' या छोट्या लिपीतील पर्यायाशिवाय दिला, तर वापरकर्ता नव्या गटात जातो आणि आधीच्या इतर सर्व पूरक गटांतून बाहेर पडतो. त्यात प्रशासकांचा गटही येतो. याचा परिणाम पुढील प्रवेशाच्या वेळी दिसत असल्याने दोष बऱ्याचदा आवृत्तीबदलाला दिला जातो.

परवानग्यांतील बिघाड: सुडोचा कार्यक्रम रूटच्या मालकीचा असावा लागतो आणि त्यावर 'सेटयूआयडी' ही खूण असावी लागते. सुडोअर्स फाइलची परवानगी सामान्यतः ०४४० अशी असते. एखादी अडचण सोडवण्यासाठी संपूर्ण फोल्डराला सरसकट ७७७ परवानगी दिल्यास ती फाइल कोणालाही बदलता येण्याजोगी होते आणि सुरक्षिततेच्या कारणाने सुडो काम करण्यास नकार देते.

ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेतील बदल: पासवर्ड तपासण्याचे काम 'पॅम' ही व्यवस्था करते. तिचे काही जुने घटक, उदाहरणार्थ चुकीच्या प्रयत्नांची मोजणी करणारे 'पॅम टॅली' आणि 'पॅम टॅली २', नव्या आवृत्त्यांतून काढून टाकण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या डेबियन ११ कडे जाताना हे घटक सेटिंगमध्ये तसेच राहिल्यास सर्व वापरकर्त्यांचा प्रवेशच बंद होण्याचा संभव होता. म्हणून ते आधी काढून टाकण्याची सूचना स्थापनेच्या वेळी दिली जात असे.

'सु' आज्ञेतील बदल: जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १० मध्ये 'सु' ही आज्ञा दुसऱ्या संचातून घेण्यात आली. त्यानंतर नुसती 'सु' दिल्यास रूटचे अधिकार मिळतात, पण आज्ञा शोधण्याचा मार्ग सामान्य वापरकर्त्याचाच राहतो. परिणामी 'आज्ञा सापडली नाही' असे उत्तर येते आणि अधिकारच गेल्याचा समज होतो. 'सु'नंतर जागा सोडून वजाचिन्ह दिल्यास ही अडचण दूर होते.

पोलकिटच्या नियमांतील बदल: जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये पोलकिटचे स्थानिक नियम लिहिण्याची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीने लिहिलेले नियम चालू ठेवण्यासाठी वेगळा पॅकेज-संच बसवावा लागतो. तो नसल्यास टर्मिनलमध्ये सुडो चालते, परंतु खिडक्यांमधून करावयाची काही कामे नाकारली जातात.

कळफलकाची मांडणी: मराठी, हिंदी आदी भाषांत टंकलेखन करणाऱ्यांच्या संगणकावर इनस्क्रिप्टसारखी देवनागरी मांडणी आणि रोमन मांडणी अशा दोन्ही असतात. आवृत्तीबदलानंतर त्यांचा क्रम किंवा अदलाबदलीची कळ बदलू शकते. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना सामान्यतः पडद्यावर काहीच उमटत नाही. त्यामुळे रोमन अक्षरांतील पासवर्ड देवनागरी मांडणीत टंकला जात असल्याचे लक्षात येत नाही आणि पासवर्ड वारंवार नाकारला जातो. तोच पासवर्ड एखाद्या कोऱ्या मजकूर-फाइलमध्ये लिहून पाहिल्यास खुलासा होतो. नंतर ती फाइल जतन न करता बंद करावी लागते.

लक्षणे व निदान

दुरुस्तीपूर्वी नेमके काय नाकारले जात आहे हे ओळखणे आवश्यक असते. प्रणालीचे संदेश इंग्रजीत असतात. त्यांचा आशय आणि अर्थ पुढीलप्रमाणे आहे.

'क्षमस्व, पुन्हा प्रयत्न करा' या आशयाचा संदेश आल्यास पासवर्डच जुळत नाही असे समजावे. गट किंवा सुडोअर्स फाइल यांचा येथे संबंध नसतो.

'हा वापरकर्ता सुडोअर्स फाइलमध्ये नाही' असा संदेश आल्यास पासवर्ड बरोबर असून अधिकाराची नोंद हरवली आहे असा अर्थ होतो. 'या घटनेची नोंद कळवली जाईल' असे वाक्यही या संदेशात अनेक वर्षे येत असे. त्यामुळे नवशिके घाबरत; प्रत्यक्षात ही सूचना त्याच संगणकाच्या प्रशासकासाठी असते.

मालकी, 'सेटयूआयडी' किंवा 'कोणालाही बदलता येण्याजोगी फाइल' यांचा उल्लेख असल्यास परवानग्या बिघडलेल्या असतात. ओळ क्रमांकासह व्याकरणदोष दाखवला गेल्यास सुडोअर्स फाइल लिहिताना चूक झालेली असते.

आपण कोणत्या गटांत आहोत हे 'आयडी' किंवा 'ग्रुप्स' या आज्ञांनी कळते. त्यांना प्रशासकीय अधिकार लागत नाहीत, म्हणून निदानाची सुरुवात त्यांच्यापासून करतात.

अधिकार परत मिळवणे

सौम्य उपायापासून सुरुवात करून गरज पडल्यासच पुढच्या उपायाकडे जाणे इष्ट असते.

१. दुसरे प्रशासकीय खाते: संगणकावर दुसरा प्रशासक असल्यास त्याच्या खात्यातून मूळ वापरकर्त्याला योग्य गटात परत घालता येते. डेबियनमध्ये स्थापनेच्या वेळी रूटचा पासवर्ड ठेवलेला असल्यास 'सु'चा उपयोग होतो.

२. पोलकिटचा मार्ग: गटाची नोंद शाबूत असून केवळ सुडोअर्स फाइल बिघडली असेल, तर पोलकिटच्या 'पीके एक्झेक' या आज्ञेने 'व्हीसुडो' चालवून ती फाइल दुरुस्त करता येते. जानेवारी २०२२ मध्ये 'पीके एक्झेक'मधील एक गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून काहींनी तिची सेटयूआयडी खूण काढून टाकली. अशा संगणकावर ती खूण परत दिलेली नसल्यास हा मार्ग बंद असतो.

३. रिकव्हरी मोड: संगणक सुरू होताना 'ग्रब'चा मेनू उघडावा लागतो. त्यासाठी जुन्या बायोस संगणकावर शिफ्ट आणि यूईएफआय संगणकावर एस्केप ही कळ वापरतात. प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड निवडल्यावर 'रूट' हा पर्याय मिळतो. उबंटूमध्ये रूटचा पासवर्ड ठेवलेला नसल्याने येथे पासवर्ड विचारला जात नाही. डिस्क या वेळी केवळ वाचण्यापुरती खुली असू शकते, म्हणून ती आधी लेखनासाठी पुन्हा माउंट करतात. त्यानंतर 'युजरमॉड' आज्ञा 'ए' आणि 'जी' हे दोन्ही पर्याय देऊन चालवतात व वापरकर्त्याला 'सुडो' गटात घालतात. सुडोअर्स फाइल बिघडलेली असल्यास 'व्हीसुडो'ने दुरुस्त करतात. गटातील बदल नव्याने प्रवेश केल्यावरच लागू होत असल्याने संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

४. ग्रबमधील ओळ बदलणे: डेबियनमध्ये रूट खाते बंद असल्यास रिकव्हरी मोड टर्मिनल देण्यास नकार देऊ शकतो. अशा वेळी ग्रबच्या मेनूत इंग्रजी 'ई' अक्षराची कळ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'इनिट' म्हणून 'बॅश' सुरू करण्याची सूचना लिहितात. हा बदल त्या एकाच वेळेपुरता असतो. रेड हॅट कुळात यासाठी 'आरडी ब्रेक' ही सूचना वापरतात; तेथे रूटचा पासवर्ड बदलल्यावर एसईलिनक्सच्या खुणा नव्याने लावण्याची सूचना देणेही आवश्यक असते, अन्यथा पुढील प्रवेश अडू शकतो.

५. लाइव्ह यूएसबी: वरील मार्ग बंद असल्यास यूएसबीवरील लिनक्स सुरू करून संगणकातील डिस्क माउंट करतात आणि 'सीएचरूट' आज्ञेने जुन्या प्रणालीत शिरून तीच दुरुस्ती करतात. याच पद्धतीने वैयक्तिक फाइलींची प्रतही काढता येते; म्हणून प्रणाली नव्याने बसवण्याचा निर्णय झालाच, तरी त्यापूर्वी ही पायरी टाळू नये, असे मानले जाते.

पासवर्ड बदलतानाची सावधगिरी

अधिकार गेल्यावर अनेकदा रिकव्हरी मोडमधून वापरकर्त्याचा पासवर्डच बदलला जातो. गटाची नोंद हरवली असेल तर त्याचा उपयोग नसतो. उलट काही वेळा हानी होते. उबंटूच्या स्थापनेत २०१८ पूर्वी वैयक्तिक फोल्डर कूटबद्ध करण्याची सोय होती. अशा फोल्डराची किल्ली वापरकर्त्याच्या जुन्या पासवर्डात गुंडाळलेली असते. रूटने पासवर्ड बदलल्यास ती आपोआप उघडत नाही. जुना पासवर्ड किंवा स्थापनेच्या वेळी जपून ठेवण्यास सांगितलेले दीर्घ किल्लीवाक्य यांपैकी काहीच नसेल, तर फाइली वाचता येत नाहीत. म्हणून पासवर्ड आठवत असताना तो बदलू नये, हा येथील मुख्य नियम आहे.

सुरक्षिततेविषयी

संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला पासवर्डाशिवाय रूट होता येते, हे अनेकांना धक्कादायक वाटते. लिनक्समधील गट आणि परवानग्या चालू प्रणालीतील वापरकर्त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात. डिस्क हाती असलेल्या माणसाला त्या रोखू शकत नाहीत. ते काम संपूर्ण डिस्क कूटबद्ध केल्याने होते. 'लक्स' पद्धतीने कूटबद्ध केलेल्या डिस्कवर वरील उपाय करण्याआधी तिचा परवलीचा शब्द द्यावाच लागतो आणि तो हरवल्यास माहिती परत मिळत नाही. शाळा, महाविद्यालय किंवा कार्यालयाच्या संगणकावर अधिकार मर्यादित असणे हा बिघाड नसून नियम असू शकतो. तेथे दुरुस्तीचा अधिकार संस्थेने नेमलेल्या प्रशासकाचा असतो.

अधिकार जाण्याच्या भीतीने अद्ययावतीकरणच टाळणे अधिक धोक्याचे असते. जानेवारी २०२१ मध्ये सुडोमधील एक दोष जाहीर झाला. त्याच्या आधारे कोणताही स्थानिक वापरकर्ता रूट होऊ शकत असे. हा दोष २०११ पासून सुडोमध्ये होता आणि तो दुरुस्त केलेली आवृत्ती अद्ययावतीकरणातूनच वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली.

प्रतिबंध

आवृत्तीबदलापूर्वी पुढील गोष्टी केल्यास हा प्रसंग बहुधा टळतो.

वैयक्तिक फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. दुसरे प्रशासकीय खाते उघडून त्यातून सुडो चालते याची खात्री करावी. नव्या आवृत्तीसोबतची सूचनापत्रिका वाचावी.

सुडोअर्सची मूळ फाइल न बदलता आपले नियम 'सुडोअर्स डॉट डी' या फोल्डरात स्वतंत्र फाइलमध्ये लिहावेत. फाइलच्या नावात टिंब असल्यास किंवा नावाच्या शेवटी लाटेसारखे 'टिल्ड' चिन्ह असल्यास सुडो ती फाइल वाचतच नाही. हे नियम नेहमी 'व्हीसुडो'ने लिहावेत. ती जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते.

दूरच्या सर्व्हरवर काम करताना रूटचे एक टर्मिनल उघडे ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो तपासावी आणि ती चालल्यावरच पहिले बंद करावे. आवृत्तीबदल पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करून 'आयडी' आज्ञेने आपले गट एकदा पाहून घ्यावेत.

भारतातील संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल संचालन प्रणाली डेबियनवर आधारित आहे. त्यामुळे डेबियनमधील गट, सुडो आणि पोलकिट यांविषयीची वरील माहिती तिच्या वापरकर्त्यांनाही सर्वसाधारणपणे उपयोगी पडते. देवनागरी मांडणीमुळे पासवर्ड नाकारला जाण्याची शक्यता येथील वापरकर्त्यांच्या बाबतीत विशेष असल्याने, गट आणि फाइली तपासण्याआधी कळफलकाची मांडणी पाहणे ही निदानाची पहिली पायरी ठरते.